ई-सायकल चारचाकीमागे नेण्यासाठी हिच-रॅक निवडताना

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट, नवेगाव बांधच्या तलावाचा परिसर, लोणारच्या विवराभोवतालचा रस्ता, अशी ई-सायकलने मनसोक्त हिंडावी अशी ठिकाणे विदर्भात पुष्कळ आहेत. परंतु वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावातून तिथवर पेडल मारत जाणे बहुतेकांना शक्य नसते, कारण ही अंतरे शंभर-दोनशे किलोमीटरची असतात आणि सर्वसाधारण ई-सायकल एका चार्जिंगमध्ये ३० ते ६० किलोमीटर चालते. सायकल चारचाकीमागे बांधून न्यावी, हा विचार त्यातूनच येतो. त्यासाठी लागणारा रॅक, म्हणजे सायकली बांधायची चौकट, हा प्रकार आपल्याकडे अजून नवा असल्यामुळे अनेक जण साध्या सायकलींसाठी बनवलेला रॅक ऑनलाइन मागवतात आणि त्यावर जवळजवळ दुप्पट वजनाची ई-सायकल चढवतात. असा रॅक दुकानातून निघताना मजबूत वाटतो, पण गावाकडच्या रस्त्यावर त्याचा कस लागतो आणि तो तुटला तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखात निवडीचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की आधी सायकल पाहावी, मग गाडी, मग हिच (गाडीमागे रॅक अडकवण्याची जोडणी) आणि सर्वांत शेवटी रॅक. ज्यांनी रॅक आधीच घेऊन ठेवला आहे त्यांनीही याच क्रमाने तपासणी करावी.

सायकलीचे खरे वजन

साधी गिअरची सायकल १२ ते १६ किलोची असते. ई-सायकल मात्र मोटर, बॅटरी आणि जाड फ्रेम यांमुळे २० ते २८ किलोपर्यंत जाते आणि रुंद टायरच्या काही सायकली ३० किलोच्याही पुढे जातात. माहितीपत्रकावर छापलेले वजन बहुधा मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, कुलूप आणि मागे लावलेली टोपली यांच्याशिवायचे असते, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये. गावात धान्याचा किंवा कापसाचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असतोच. त्यावर सायकल आडवी न टाकता उभी धरून ठेवली तर दोन मिनिटांत खरा आकडा कळतो. एकदा बॅटरीसह आणि एकदा बॅटरी काढून असे दोनदा वजन करावे. बॅटरी काढल्याने साधारण २ ते ४ किलो कमी होतात आणि पुढच्या हिशेबात हा फरक चांगलाच उपयोगी पडतो. काही सायकलींमध्ये बॅटरी फ्रेमच्या नळीच्या आत बसवलेली असते व ती सहज निघत नाही. अशा वेळी पूर्ण वजन धरूनच चालावे.

वजनाबरोबर आणखी चार मापे टेपने घेऊन कागदावर लिहून ठेवावीत. पुढच्या व मागच्या चाकाच्या आसांमधील अंतर, टायरची रुंदी, फ्रेमच्या सर्वांत जाड नळीचा व्यास आणि टायरपासून टायरपर्यंतची सायकलीची एकूण लांबी, ही ती चार मापे होत. मोठ्या चाकांच्या सायकलीची लांबी १.७ ते १.९ मीटर असते. रॅकच्या माहितीत चाकांमधील कमाल अंतर आणि टायरची कमाल रुंदी दिलेली असते, आणि बहुतेक चुकीच्या खरेदी या दोन आकड्यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचे टायर साध्या रॅकच्या पन्हाळीत, म्हणजे चाक ठेवायच्या खोबणीत, बसतच नाहीत. कंपनी त्यासाठी रुंद पन्हाळी किंवा लांब पट्टे वेगळे देते का, ते आधी विचारावे.

ईमोटोरॅडची डूडल ही रुंद टायरची सायकल घडी होणारी आहे. अशी घडीची सायकल असेल तर मागची सीट पाडून ती गाडीच्या आत मावते का, हे आधी करून पाहावे. मावत असेल तर रॅकचा खर्च करण्याचे कारणच उरत नाही.

गाडी कशावर उभी आहे

हिच म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला चेसिसला पक्का बोल्ट केलेला पोलादी सांगाडा. त्याला एकतर गोल गोळा असतो, नाहीतर चौकोनी पोकळ नळी असते. या नळीला रिसीव्हर म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांना स्वतंत्र शिडीसारखी चेसिस असते आणि तिच्या दोन लांब कण्यांना हिच बोल्ट करता येते. अर्टिगा, ब्रेझा, वॅगनआर यांसारख्या गाड्यांना अशी वेगळी चेसिस नसते. त्यांचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. अशा गाडीला हिच बसत नाही असे नाही, परंतु ती नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी लागते आणि तिची भारमर्यादा कमी असते. नुसत्या बंपरला किंवा बंपरमागच्या पत्र्याला वेल्ड केलेला अँगल हा कोणत्याही गाडीत हिच नव्हे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण रॅकच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहे. "आमची गाडी आठ माणसे आणि दोन पोती घेऊन जाते, तिला पन्नास किलोच्या सायकली काय जड," असे पुष्कळदा म्हटले जाते. पण माणसे आणि पोती दोन्ही चाकांच्या मधोमध किंवा मागच्या आसाजवळ बसतात, तर रॅकवरच्या सायकली मागच्या आसाच्याही बऱ्याच मागे लोंबतात. लांब दांड्याच्या पान्याने घट्ट नट सहज फिरतो, त्याच न्यायाने हा भार आपल्या वजनापेक्षा अधिक परिणाम करतो. समजा, रॅक आणि सायकली मिळून ७५ किलो आहेत, त्यांचा मध्य मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांमधील अंतर २.७ मीटर आहे. अशा वेळी मागच्या आसावर ७५ नव्हे, तर सुमारे १०८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ३३ किलोने कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींवर परिणाम होतो, शिवाय रात्री दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून रॅक लावल्यावर मागच्या टायरमध्ये पूर्ण भारासाठी कंपनीने सांगितलेली हवा भरावी (ती बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेली असते) आणि दिव्यांची उंची खाली घ्यावी. पाटे थकून मागून बसलेली जुनी गाडी असेल, तर आधी पाटे करून घ्यावेत आणि मगच रॅकचा विचार करावा.

हिच निवडताना

गोळ्याच्या हिचचा व्यास सामान्यतः ५० मिलिमीटर असतो. युरोपात हीच पद्धत रूढ आहे आणि तिथले रॅक या गोळ्यावर चिमट्यासारखे आवळले जातात. अमेरिकी पद्धतीत चौकोनी रिसीव्हर असतो आणि त्याची दोन मापे प्रचलित आहेत, सव्वा इंच आणि दोन इंच. ई-सायकलींसाठी दोन इंचाचाच घ्यावा. सव्वा इंची हिचच्या सर्वांत हलक्या वर्गात उभ्या भाराची, म्हणजे हिचवर वरून खाली दाबणाऱ्या वजनाची, मर्यादा सुमारे ९० किलो असते. दोन इंची हिचच्या प्रचलित वर्गात ती सव्वादोनशे किलो किंवा त्याहून अधिक असते. युरोपी गोळ्याच्या हिचवर ही मर्यादा गाडीगणिक बदलते आणि अनेक लहान गाड्यांत ७५ किलोच्या आसपासच असते. हिचवरच्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक ओढण्याच्या वजनाचा आणि दुसरा उभ्या भाराचा. आपल्याला हवा तो दुसरा. ओढण्याचा मोठा आकडा पाहून खूश होणे ही नवशिक्याची नेहमीची चूक असते.

आपल्याकडे नव्या गाडीसोबत हिच क्वचितच मिळते, त्यामुळे ती वेगळी बसवावी लागते. गावोगावी ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगर, पेरणीयंत्र बनवणारे कसबी कारागीर आहेत आणि त्यांच्या वेल्डिंगविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न लोखंडाच्या प्रतीचा आणि जोडणीच्या जागेचा आहे. ट्रॅक्टरच्या मागचा हुक आडवा ओढ घेण्यासाठी असतो. रॅकच्या हिचला मात्र प्रत्येक खड्ड्यात वर-खाली पिळवटणारा भार सोसावा लागतो. शिवाय बाजारात मिळणारी ६० मिलिमीटरची ४ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी आतून ५२ मिलिमीटरची असते आणि तिच्या आत वेल्डिंगची शिवण उंच राहिलेली असते, त्यामुळे रॅकची ५०.८ मिलिमीटरची दांडी एकतर अडते, नाहीतर शिवण घासून काढल्यावर सैल बसून खडखडते. चेसिसला छिद्र पाडणे किंवा तिच्यावर थेट वेल्ड करणे हे तर टाळलेच पाहिजे, कारण उष्णतेने त्या जागेचे पोलाद कमजोर होते आणि गाडीची वॉरंटीही अडचणीत येते. ज्या मॉडेलसाठी हिच बनवली आहे त्याच मॉडेलवर, चेसिसमध्ये आधीपासून असलेल्या छिद्रांत उच्च प्रतीच्या बोल्टने बसणारी, भारमर्यादा लिहिलेली आणि बिलासह मिळणारी हिच घ्यावी, मग त्यासाठी नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला जावे लागले तरी चालेल.

कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. त्यामुळे हिच बसवण्यापूर्वी तिचे माहितीपत्रक आणि गाडीची कागदपत्रे घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी, अपघातानंतर दावा नाकारला गेल्यावर होणाऱ्या मनस्तापापुढे ते काहीच नाही.

भाराचा हिशेब

आता कागदावर बेरीज करावी. उदाहरणार्थ, बॅटरी काढल्यावर एक सायकल २४ किलो आणि दुसरी २७ किलो भरली, तर सायकलींचे ५१ किलो झाले. दोन सायकलींचा चांगला रॅक स्वतःच १८ ते २५ किलोचा असतो. तो २० धरला तर एकूण ७१ किलो होतात. रॅकचे वजन या बेरजेत धरायचे असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

या हिशेबाची तुलना चार मर्यादांशी करावी लागते. हिचची उभ्या भाराची मर्यादा, गाडीच्या उत्पादकाने हिचसाठी सांगितलेली मर्यादा, रॅकची एकूण मर्यादा (ही केवळ सायकलींच्या वजनाशी, म्हणजे ५१ किलोंशी ताडायची) आणि रॅकची प्रत्येक सायकलीमागील मर्यादा. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली जाता कामा नये. एकूण ६० किलो पेलणारा रॅक आहे, म्हणून त्यावर ३५ आणि २५ किलोच्या सायकली चालतील असे नाही. प्रति सायकल ३० किलोची अट असेल तर पहिली सायकल बादच होते.

हे आकडे डांबरी, सपाट रस्ते डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपल्याकडे हमरस्ता सोडून गावाकडे वळले की खड्डे, रंग न मारलेले गतिरोधक, नाल्यावरचे रपटे आणि पावसाळ्यानंतर चाकोऱ्या पडलेल्या पांदण वाटा लागतात. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा रॅकवरचा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की प्रत्यक्ष भार छापील मर्यादेच्या दोन तृतीयांशांहून अधिक होऊ देऊ नये. वरच्या उदाहरणात याचा अर्थ असा की हिचची मर्यादा किमान १०५ ते ११० किलो हवी. ७५ किलोची हिच कागदावर पुरते, पण आपल्या रस्त्यांवर ती घेऊ नये. काही रॅक-उत्पादक कच्च्या रस्त्यासाठी वेगळी, कमी मर्यादा देतात. ती दिलेली असेल तर अर्थातच तीच पाळावी.

रॅकचा प्रकार

रॅकचे मुख्य प्रकार दोन आहेत. एका प्रकारात दोन आडवे हात असतात आणि सायकल फ्रेमच्या वरच्या दांड्याने त्यांवर टांगली जाते. दुसऱ्यात चाकांसाठी पन्हाळी असतात आणि सायकल त्यांत उभी राहते. ई-सायकलीसाठी दुसराच प्रकार घ्यावा. टांगण्याच्या रॅकवर २५ किलोची सायकल छातीच्या उंचीपर्यंत उचलावी लागते, ती वाटेत झोके घेते, आणि वरचा दांडा नसलेल्या, म्हणजे साडी नेसूनही चालवता येणाऱ्या फ्रेमच्या सायकली त्यावर नीट टांगताच येत नाहीत.

उभ्या रॅकमध्येही पकडण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत पुढच्या चाकावरून आकडा येऊन टायरवर दाबून बसतो. फ्रेमला काहीच स्पर्श करत नाही, त्यामुळे जाड नळीची, बॅटरी पोटात असलेली फ्रेम असली तरी अडचण येत नाही. मात्र लांब मडगार्ड असेल तर आकडा मडगार्डवर दाबला जाऊन ते वाकते. दुसऱ्या पद्धतीत रॅकचा हात फ्रेमची नळी पकडतो. यात मडगार्डची अडचण नसते, पण ई-सायकलीची खालची नळी अनेकदा इतकी जाड असते की चिमटा तिच्याभोवती बंदच होत नाही. सुरुवातीला टेपने घेतलेली मापे इथे कामी येतात. दोन्ही पद्धतींत चाके पट्ट्यांनी बांधली जातात आणि हे पट्टे दात असलेले, खटका मारून आवळता येणारे असावेत.

रॅम्प मिळत असेल तर जरूर घ्यावा. रॅकची पन्हाळी जमिनीपासून गुडघ्याच्या वर असते आणि २५ किलोची सायकल एकट्याने दोनदा-चारदा तिथवर उचलली की कंबर बोलू लागते. घरातील ज्येष्ठांनी सायकल वापरायची असेल तर रॅम्प ही चैन नाही, गरज आहे. थुले कंपनीचा ईझीफोल्ड एक्सटी हा गोळ्याच्या हिचवर बसणारा रॅक ई-सायकलींसाठीच आखलेला आहे. प्रति सायकल ३० किलो ही त्याची मर्यादा आहे, त्याला रॅम्पची सोय आहे आणि तो घडी करून ठेवता येतो. तो महाग आहे, हे खरे. पण त्याची माहिती वाचली की ई-सायकलीच्या रॅकमध्ये काय काय असावे लागते याचा अंदाज येतो, आणि मग स्वस्त रॅक पाहताना कोणती गोष्ट गाळलेली आहे ते लगेच दिसते.

स्टेपनी आणि मागचे दार

बोलेरो आणि थार या विदर्भातील खेड्यापाड्यांत सर्रास दिसणाऱ्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर लटकलेली असते आणि परदेशी मार्गदर्शकांमध्ये या अडचणीचा उल्लेख फारसा येत नाही. रॅकचा उभा खांब किंवा आतल्या सायकलीचे हँडल स्टेपनीला भिडते. त्यावर उपाय म्हणून दांडी लांब करणारा जोडतुकडा विकला जातो, परंतु तो लावल्यावर भार आणखी मागे सरकतो आणि हिचची क्षमता सर्वसाधारणपणे निम्मी धरावी लागते. म्हणजे दीडशे किलोची हिच जोडतुकड्यासह पंचाहत्तरचीच उरते. त्यापेक्षा ज्याची दांडी मुळातच लांब आहे असा रॅक शोधणे, अथवा आतली पन्हाळ मोकळी ठेवून एकच सायकल बाहेरच्या पन्हाळीत नेणे बरे. दुसऱ्या पर्यायात भार मागे सरकतो हे ध्यानात ठेवून हिशेब पुन्हा करावा.

दाराचीही बाब आहे. अर्टिगासारख्या गाडीचे मागचे दार वर उघडते, तिथे मागे झुकणारा रॅक उपयोगी पडतो. खटका दाबला की सायकलींसह रॅक मागे कलतो आणि दार उघडते. बोलेरो, थार किंवा जिम्नीचे दार मात्र बाजूला उघडते. तिथे कलणाऱ्या रॅकचा फारसा उपयोग नाही, कारण दाराच्या फिरण्याच्या वाटेतच पन्हाळी येतात. अशा गाडीसाठी पूर्ण रॅक बाजूला फिरवता येणारा प्रकार हवा. तो जड आणि महाग असतो. तो परवडत नसेल तर वाटेत लागणारे सगळे सामान, पाणी, जॅक आणि पाना मागच्या सीटवर ठेवायची सवय लावून घ्यावी. टायर पंक्चर झाले तर स्टेपनी काढण्यासाठी आधी सायकली उतरवाव्या लागणार, हेही मनाशी धरून ठेवावे.

नंबर प्लेट, दिवे आणि रुंदी

सायकली चढवून झाल्यावर गाडीच्या मागे दहा पावले जाऊन उभे राहावे आणि मोबाइलवर फोटो काढावा. फोटोत नंबर प्लेट पूर्ण वाचता येते का, ब्रेकचे लाल दिवे आणि दोन्ही इंडिकेटर दिसतात का, हे पाहावे. युरोपात रॅकवर तिसरी नंबर प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावतात व ती हिचजवळच्या सात किंवा तेरा पिनांच्या सॉकेटला जोडतात. आपल्याकडे उच्च सुरक्षा नंबर प्लेट पुढची एक आणि मागची एक अशीच मिळते आणि बहुतेक गाड्यांना असे सॉकेट नसते. त्यामुळे मूळ प्लेट आणि मूळ दिवे झाकले जाणार नाहीत असाच रॅक निवडणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. दिवे थोडे झाकले जात असतील तर दिव्यांची पट्टी लावावी, पण तिची जोडणी गाडीच्या वायर सोलून न करता योग्य कपलर वापरून, जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

बोलेरोची रुंदी सुमारे १.७५ मीटर आहे आणि मोठ्या चाकांची सायकल १.८ मीटरहून लांब असू शकते, म्हणजे चाक गाडीच्या बाहेर डोकावू शकते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४(१अ) नुसार अनुज्ञेय मर्यादेबाहेर भार बाजूला, मागे किंवा वर आला तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाहून मोठी भीती अशी की अरुंद रस्त्यावर समोरून कापसाने भरलेली ट्रॉली येते तेव्हा चालक आपल्या गाडीची रुंदी आरशांवरून ठरवतो आणि आरशामागचे चाक त्याच्या लक्षात राहत नाही. सायकल मध्यभागी सरकवून बसवावी. तरीही चाक बाहेर येत असेल आणि रॅकची पकड परवानगी देत असेल तर पुढचे चाक काढून गाडीत ठेवावे.

धुराड्याचे तोंडही पाहून घ्यावे. त्यातून निघणारी गरम हवा थेट टायरवर येत असेल तर दोन-तीन तासांच्या प्रवासात टायर खराब होऊ शकते. सायकल उलट दिशेने चढवली की बहुधा हा प्रश्न सुटतो.

बॅटरी आणि विदर्भातील ऊन

बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवायची, हा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. त्याने रॅकवरचे वजन घटते, हादऱ्यांपासून बॅटरी वाचते आणि ढाब्यावर थांबल्यावर चोरीची भीती राहत नाही. परंतु नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अशा दिवशी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा आतला भाग ६० अंशांच्याही पुढे तापतो. लिथियम-आयन बॅटरीला हे तापमान घातक आहे. तिचे आयुष्य घटते आणि बॅटरी आधीच सदोष असेल तर आगीचाही धोका संभवतो. म्हणून गाडी चालू असताना बॅटरी आत, पायाजवळच्या सावलीत, कापडात गुंडाळून ठेवावी आणि गाडी उन्हात उभी करून जेवायला किंवा दर्शनाला जायचे असेल तर ती पिशवीत घालून सोबत न्यावी. दोन ते चार किलोंचे ओझे वाहणे त्रासाचे असले तरी बॅटरी हा सायकलीचा सर्वांत महाग भाग आहे. मुक्कामी पोहोचल्यावर ती लगेच चार्जिंगला लावू नये. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात, तेव्हा तासभर सावलीत ठेवून हाताला थंड लागल्यावरच चार्जर जोडावा.

बॅटरी काढल्यावर सायकलीवरचे उघडे पितळी संपर्कबिंदू धूळ आणि पाण्यापासून झाकावेत. कंपनीचे झाकण नसेल तर जाड प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने बसवला तरी चालतो. मात्र संपूर्ण सायकलीला ताडपत्री गुंडाळू नये. ती वारा धरते, रॅकवरचा ताण वाढवते आणि फाटून उडाली तर मागच्याच्या काचेवर जाते. डिस्प्ले निघत असेल तर काढावा आणि पंप, बाटली, टोपली, लहान मुलाची सीट यांपैकी काहीही सायकलीवर ठेवू नये.

पहिल्यांदा बसवताना

रॅक रिसीव्हरमध्ये घातल्यावर छिद्रे जुळवून खीळ आरपार घालावी. दोन इंची रिसीव्हरसाठी ती १६ मिलिमीटरची असते. खिळीच्या टोकाची क्लिप लावली आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. त्यानंतर खडखड थांबवणारा बोल्ट आवळावा आणि रॅकचे टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली, मग डावी-उजवीकडे जोराने हलवावे. गाडी स्प्रिंगांवर हलली पाहिजे, रॅक हिचमध्ये हलता कामा नये. गोळ्याच्या हिचवर बसणाऱ्या रॅकसाठी गोळ्यावरचे ग्रीस कपड्याने पूर्ण पुसून घ्यावे, कारण तिथे सगळी पकड घर्षणाची असते. ज्यांनी ट्रॉली ओढण्यासाठी गोळ्याला ग्रीस लावून ठेवले असेल त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

जड सायकल नेहमी गाडीच्या जवळच्या पन्हाळीत आणि हलकी बाहेर, तीही उलट दिशेने, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पेडल शेजारच्या सायकलीच्या तारांना लागत असेल तर ते फिरवून वर घ्यावे. पट्टे आवळल्यावर हँडल धरून सायकल हलवून पाहावी. रॅकच्या पट्ट्यांव्यतिरिक्त एक जाड रॅचेट पट्टा दोन्ही फ्रेममधून काढून रॅकच्या मुख्य दांड्याला बांधावा. रॅकची एखादी पकड सुटलीच, तर हा पट्टा सायकल रस्त्यावर पडू देत नाही.

पहिली फेरी गावाच्या पाच-दहा किलोमीटर परिघातच काढावी, तीही मुद्दाम खराब रस्त्याने. परत आल्यावर हिचचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. नवे बोल्ट सुरुवातीच्या हादऱ्यांत थोडे बसतात आणि सैल होतात. लांबच्या प्रवासातही पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर एकदा थांबून पट्टे हाताने चाचपावेत.

रस्त्यावर

समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, पण रॅकच्या पुस्तिकेत त्याहून कमी वेगमर्यादा दिलेली असेल तर तीच आपली मर्यादा. पुस्तिकेत काही दिलेले नसले तरी ताशी ८० ते ९० च्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. गतिरोधक सरळ आणि अगदी हळू ओलांडावा. रपट्यावर उतरताना आणि चढताना रॅकचे टोक जमिनीला घासते, कारण गाडीची शेपटी आता जवळजवळ एक मीटरने लांब झालेली असते. शंका आली तर कोणीतरी खाली उतरून पाहावे. मागे घेताना सेन्सर सतत वाजत राहतो आणि कॅमेऱ्यात सायकलीच दिसतात, तेव्हा तिथेही माणूसच उभा करावा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, हे रॅक असो वा नसो.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पन्हाळीत, खिळीच्या छिद्रात आणि खटक्यांच्या दातांत जाऊन वाळला की दगडासारखा होतो. घरी आल्यावर साध्या पाण्याने रॅक धुवावा. सायकलीची मोटर आणि जोडण्या यांवर मात्र सर्व्हिसिंग सेंटरमधील दाबाचे पाणी मारू नये. सायकली नसताना रॅक गाडीला लावून हिंडू नये. त्याने मागच्याला धोका होतो आणि रॅकलाही विनाकारण हादरे बसतात.

हिच बसत नसेल तर

इतका हिशेब करूनही गाडीची मर्यादा पुरत नाही, असे अनेकांच्या बाबतीत होईल. अशा वेळी मर्यादा ताणण्यापेक्षा पिकअप भाड्याने घेणे केव्हाही शहाणपणाचे. बोलेरो पिकअप किंवा तशीच मालवाहू गाडी बहुतेक मोठ्या गावांत मिळते आणि तिच्या हौद्यात चार ई-सायकली सहज उभ्या राहतात. हौद्याच्या तळाशी तुराट्यांऐवजी जुनी गादी किंवा रबरी चटई टाकावी, कारण तुराट्या टोचून टायर आणि तारा खराब होतात. सायकली एकीआड एक उलट दिशेने उभ्या कराव्यात, दोन फ्रेममध्ये पोत्याची जाड घडी ठेवावी आणि प्रत्येक सायकलीला हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना स्वतंत्र पट्टा बांधावा. एकच दोर सगळ्यांतून ओवून बांधला तर पहिली सायकल सरकताच बाकीच्याही सैल होतात. बॅटऱ्या इथेही काढून चालकाच्या केबिनमध्ये, सावलीत ठेवाव्यात.